आमचा मध्यस्थ : संत गोन्सालो गार्सिया

धर्मग्रामाच्या जुबिलीनिमित्त निघणाऱ्या ह्या स्मरणिकेत वसईच्या ह्या सुपुत्राचे चरित्र यावे, ह्यात नवल ते काय? होळीवरून किल्ल्याकडे जाणारा रस्ता ज्यांच्या पायाखालचा आहे, त्यांस किल्ल्यातील येशूसंघाच्या जुन्या देवळाची दगडी दर्शनी भिंत ओळखीची आहे. आज हे देऊळ संत गोन्सालोच्या नावाने ओळखले जाते. मुळात ते येशूच्या पवित्र नावाला वाहिलेले होते व त्याचा आरंभ १५४९ साली झाला. ह्याच साली, ऑगस्टच्या १५ तारखेस, संत फ्रान्सिस झेवियर जपान देशात कागोशिमा येथे उतरले व त्या भूमीवर सुवार्तेचे बी प्रथम पडले. इकडे वसईत देवळाचे दगड रचले जात होते व तिकडे समुद्रापलीकडे एका नव्या ख्रिस्तसभेचा पाया घातला जात होता. ह्या दोहोंची गाठ पुढे एका वसईकर मुलाच्या आयुष्यात पडावयाची होती.

गोन्सालोचे चरित्र आमच्या लोकांनी पुष्कळदा ऐकले आहे. जन्म, जपान, भाला, संतपद, एवढे तर धर्मशिक्षणाच्या वर्गातले लहान मूलही घडाघडा सांगेल. म्हणून आम्ही ह्या ठिकाणी त्याच्या आयुष्याची एकच बाजू जरा निवांतपणे पाहू इच्छितो. गोन्सालो हा दुभाषा होता. जन्मभर तो दुसऱ्यांच्या वतीने बोलला. धर्मगुरूंचे बोलणे त्याने लोकांपर्यंत नेले, लोकांची गाऱ्हाणी धर्मगुरूंस कळविली, आणि एकदा तर एका सबंध प्रांताचे म्हणणे एका भयंकर राजापुढे मांडले. दुसऱ्याच्या वतीने देवापुढे उभे राहणे, ह्यास आपण मध्यस्थीची प्रार्थना म्हणतो. ह्या प्रार्थनेचा अर्थ दुभाष्याहून अधिक चांगला कोणास कळेल?

(तो संत असूनही आम्ही त्याचा एकेरी उल्लेख करतो, ह्याबद्दल कोणी रागावू नये. घरच्या माणसास घरचे लोक एकेरीतच हाक मारतात.)

चरित्राकडे वळण्यापूर्वी एका शंकेचा विचार करू. परमेश्वर सर्वज्ञ आहे. शेजारणीचे दुखणे आम्हांपेक्षा त्यास अधिक ठाऊक आहे. मग आम्ही मध्ये पडून काय सांगावयाचे? ही शंका आमच्या लोकांनी आम्हांस अनेकदा विचारली आहे आणि ती अगदी रास्त आहे. पवित्र शास्त्र तिचे उत्तर माणसांच्या रूपाने देते. सदोम नगराचा नाश होणार असे कळताच आब्राहामाने देवाशी अक्षरशः घासाघीस केली आणि पन्नास नीतिमानांपासून तो दहांपर्यंत खाली आला. मोशेचे उचललेले हात खाली आले की रणांगणावर इस्राएलाची पीछेहाट होई, म्हणून आहरोन व हूर ह्यांनी त्याचे हात दोहोंकडून धरून ठेवले. देवास माहिती पुरविण्याचा प्रकार ह्यांत कोठेच नाही. देवाची इच्छा अशी की त्याच्या लेकरांनी एकमेकांचे ओझे आपले मानून त्याच्याकडे यावे. बाप सर्व जाणतो, तरीही थोरल्याने धाकट्यासाठी शब्द टाकलेला बापास आवडतो. मध्यस्थ एकच आहे, प्रभू येशू ख्रिस्त, असे पौलाने तीमथ्यास लिहिले. परंतु त्याच पत्राच्या त्याच अध्यायाच्या आरंभी त्याने सर्व माणसांकरिता, आणि विशेषेकरून राजे व अधिकारी ह्यांच्याकरिता विनंत्या व मध्यस्थी करण्यास सांगितले आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आमची सर्वांची मध्यस्थी त्या एका मध्यस्थाच्या आत चालते. तिच्याबाहेर तिला काही बळ नाही.

राजांकरिता प्रार्थना, हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो लागणार आहे.

गोन्सालोचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईत झाला. बाप पोर्तुगीज, आई ह्याच मुलखातली. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांस दिली होती. तेव्हा गोन्सालो जन्मला तेव्हा त्या राजवटीस वीस-बावीस वर्षेच होत होती. घरात दोन भाषा, दोन रीती, दोन प्रकारचे अन्न. असल्या घरात वाढणारे मूल बोलू लागते तेच मुळी दुभाषी म्हणून. बापाचे म्हणणे आईच्या माणसांस व आईच्या माणसांचे म्हणणे बापास, असे त्याने किती वेळा सांगितले असेल! आमच्या मते त्याच्या पाचारणाची पहिली शाळा हीच होय. दुसरी शाळा किल्ल्यातील येशूसंघीय धर्मगुरूंची. तेथे तो फादर सेबास्तियाव गोन्साल्विस ह्यांच्या देखरेखीखाली लिहावयास, वाचावयास व वेदीची सेवा करावयास शिकला.

१५७२ साली फादर सेबास्तियाव जपानास निघाले व त्यांनी पंधरा वर्षांच्या ह्या मुलास बरोबर नेले. आज मुले शिक्षणास व नोकरीस दूरदेशी जातात आणि आयांचे डोळे विमानतळावर ओले होतात. परंतु त्यांस रोज सायंकाळी फोन येतो. गोन्सालोच्या आईस तो पुन्हा दिसला नाही.

जपानात त्याने ती अवघड भाषा अशी काही आत्मसात केली की ऐकणारे थक्क होत. धर्मशिक्षक म्हणून तो सुमारे आठ वर्षे येशूसंघीयांच्या हाताखाली राबला. गावोगाव हिंडून त्याने मुलांस व प्रौढांस श्रद्धेची मूलतत्त्वे शिकविली, आजाऱ्यांच्या अंथरुणाशी बसून प्रार्थना म्हटल्या. आपणही येशूसंघाचे सभासद व्हावे, अशी त्याची मनापासून इच्छा होती. त्याने विनंती केली. ती नाकारली गेली. त्याने पुन्हा विनंती केली, पुन्हा तेच. एतद्देशीय व मिश्र रक्ताच्या तरुणांस संघात घेण्याविषयी त्या काळच्या वरिष्ठांची मने फार साशंक असत, ही गोष्ट आज लपविण्याचे कारण नाही. ज्या घराची आपण वर्षानुवर्षे सेवा केली, त्या घराच्या दाराशीच आपल्याला थांबविले जावे, हे दुःख लहान नव्हे. त्याने ते दार सोडले. परंतु श्रद्धा सोडली नाही, आणि आम्हांस विशेष वाटते ते हे की त्याने त्या धर्मगुरूंविषयी वैर धरले नाही.

काही वर्षे त्याने व्यापार केला. मकाव व जपान ह्यांच्या दरम्यान गलबते जात-येत. त्यात त्याचा जम बसला, पैसाही मिळाला. मग मनिला येथे त्याची गाठ संत फ्रान्सिसच्या अनवाणी बंधूंशी पडली, विशेषतः हुआन पोब्रे नावाच्या एका साध्या बंधूशी. फिलिपाईन्समधील त्या मठात त्याने झगा धारण केला व तो फ्रान्सिस्कन बंधू झाला. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. गोन्सालो धर्मगुरू नव्हता. त्याने कधी मिस्सा अर्पण केली नाही, कोणाचे पापनिवेदन ऐकले नाही. मध्यस्थीची प्रार्थना म्हणजे पाद्रीसाहेबांचे काम, आम्ही फक्त हेतू लिहून द्यावा व दक्षिणा ठेवावी, असे मानणाऱ्यांनी आमच्या ह्या संताकडे पाहावे.

हेतूंचा विषय निघालाच आहे, तर थोडे विषयांतर करू. मिस्साच्या हेतूंची वही चाळणे हा धर्मगुरूच्या जीवनातील एक मोठा अभ्यास आहे. तीत मृतांसाठी प्रार्थना असते, आणि ती आमच्या लोकांची फार सुंदर भक्ती आहे. परीक्षा, व्हिसा, नोकरी, बाळंतपण हेही असते, व असावे; आमच्या प्रभूने रोजची भाकर मागावयास सांगितले आहे. परंतु ज्याच्याशी आपला कोर्टात दावा चालू आहे त्याच्यासाठी मिस्सा सांगावयास आलेला मनुष्य आम्ही इतक्या वर्षांत एका हाताच्या बोटांवर मोजू. बांधावरून भांडलेले दोन भाऊ एकाच देवळात, दोन वेगळ्या बाकांवर, एकाच बापाच्या आत्म्यासाठी प्रार्थना करीत बसतात आणि एकमेकांचे नाव मात्र ओठांवर येऊ देत नाहीत. असो. गोन्सालोकडे परत येऊ.

जपानवर त्या काळी तोयोतोमी हिदेयोशी ह्याची सत्ता होती. लोक त्यास ताइको म्हणत. शेतकऱ्याच्या घरी जन्मून तो सबंध जपानचा स्वामी झाला होता. बुद्धिमान, लहरी व सत्तेचा तहानलेला. १५८७ साली त्याने ख्रिस्ती धर्मप्रचारकांनी देश सोडावा असा हुकूम काढला होता, मात्र त्याची अंमलबजावणी ढिली होती. १५९२ साली त्याने कोरियावर सैन्य पाठविले, आणि फिलिपाईन्सनेही आपले मांडलिकत्व मान्य करावे अशी मागणी केली. मनिलाच्या गव्हर्नरापुढे पेच पडला. युद्ध नको, आणि मानहानीही नको. अखेर १५९३ साली त्याने फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाउतिस्ता ह्यांस वकील म्हणून पाठविले. त्यांच्याबरोबर तीन बंधू होते, आणि त्यांपैकी एक, ज्याच्यावाचून ह्या वकिलातीस तोंडच नव्हते, तो वसईचा गोन्सालो.

हिझेन प्रांतातील नागोया येथे, जेथून कोरियाच्या मोहिमेची सूत्रे हलविली जात होती, तेथे ही भेट झाली. वाचकांनी तो देखावा डोळ्यांपुढे आणावा. एकीकडे ज्याच्या एका शब्दावर डोकी उडत असा राजा व त्याचे सरदार. दुसरीकडे जाड्याभरड्या झग्यातले चार अनवाणी बंधू. दुभाष्याचे काम कठीण असते. राजास राग आला तर तो प्रथम दुभाष्याच्या तोंडावर आदळतो, कारण कानांवर पडलेला आवाज त्याचाच असतो. भीतीने शब्द मऊ करावेत तर पाठविणाऱ्याचा विश्वासघात होतो. जसेच्या तसे सांगावेत तर गर्दन जाते. आणि स्वतःचे म्हणून काही बोलावयाचे नाही. आपला स्वार्थ, आपले भय, आपली हुशारी बाजूस ठेवून दुसऱ्याचे म्हणणे आपल्या मुखाने पोहोचवावयाचे. वकिलातीचा तात्काळ हेतू सफल झाला. युद्ध टळले, मनिलाहून उत्तर येईपर्यंत बंधूंनी ओलीस म्हणून जपानात राहावे असे ठरले, आणि पुढे क्योटो शहरात त्यांस जागाही मिळाली.

तेथे १५९४ साली त्यांनी देवदूतांच्या राणीचे देऊळ उभारले व त्याच्या आसऱ्याने कुष्ठरोग्यांसाठी इस्पितळे चालविली. कुष्ठरोग्यास त्या काळी घरदार, गाव, नाव सर्व सोडावे लागे. त्यांच्या जखमा धुणाऱ्या परदेशी बंधूंपैकी ज्यास त्यांचे बोलणे सहज कळत होते तो गोन्सालो. औषधापेक्षाही ऐकून घेणारा कान दुर्मिळ असतो. आमची अशी समजूत आहे की मध्यस्थीची प्रार्थना प्रथम कानाने होते, मग तोंडाने. ज्याचे दुःख आपण ऐकलेच नाही, त्याच्यासाठी आपण देवास काय सांगणार?

१५९६ च्या ऑक्टोबरात सान फेलिपे नावाचे स्पॅनिश गलबत वादळात भरकटून तोसा प्रांताच्या किनाऱ्यास लागले. मनिलाहून मेक्सिकोस निघालेले, मौल्यवान मालाने गच्च भरलेले ते जहाज होते. हिदेयोशीने माल जप्त केला. खलाशांच्या वतीने क्योटोच्या बंधूंनी दरबारी रदबदली केली, ती फुकट गेली. धर्मप्रचारकांच्या मागोमाग स्पेनचे सैनिक येतात, असे काही बोलणे जहाजाच्या सुकाण्याच्या तोंडून निघाले व ते राजाच्या कानी गेले, असे सांगतात; ह्या गोष्टीविषयी इतिहासकारांत वाद आहे. राजाचा संशय व राग मात्र खरा. डिसेंबरात मठावर पहारे बसले. दुसऱ्यांसाठी शब्द टाकणाऱ्यांसाठी शब्द टाकावयास आता कोणी उरले नव्हते.

१५९७ च्या जानेवारीच्या ३ तारखेस क्योटोत चोवीस बंदिवानांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला. मूळ हुकूम नाक व दोन्ही कान कापण्याचा होता. अंमलदाराने तो सौम्य केला. गाड्यांत बसवून त्यांची क्योटो, ओसाका व साकाई येथे धिंड काढली आणि मग ऐन हिवाळ्यात, बर्फातून व थंडीतून, त्यांस नागासाकीकडे चालविले. सुमारे महिनाभराची ती वाटचाल. वाटेत त्यांची शुश्रूषा करणारे दोघे ख्रिस्तीजन पकडले जाऊन त्यांच्यात सामील झाले व संख्या सव्वीस झाली. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय, व उरलेले सतरा सामान्य जपानी ख्रिस्तीजन: सुतार, स्वयंपाकी, वैद्य, धर्मशिक्षक, आणि तीन मुलगे. लुईस इबाराकी बारा वर्षांचा होता. चौदा वर्षांचा थोमास कोझाकी आपला बाप मिगेल ह्याच्याबरोबर चालत होता. वाटेत त्याने आईस पत्र लिहिले, तीत आपली व बापाची काळजी करू नये असे कळवून धाकट्या भावंडांच्या श्रद्धेची चिंता वाहावी अशी विनंती केली. मरावयास निघालेला पोर मागे राहिलेल्यांसाठी मागतो आहे! ते पत्र पुढे बापाच्या वस्त्रांत सापडले.

फेब्रुवारीच्या ५ तारखेस ते नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर पोहोचले. तेथे क्रूस ओळीने जमिनीवर मांडलेले होते. परंपरा असे सांगते की गोन्सालो आपला क्रूस कोणता हे विचारून थेट त्याकडे गेला, त्याच्यापुढे गुडघे टेकले, व सर्वांत प्रथम तोच क्रूसावर चढविला गेला. दोरखंडांनी व लोखंडी कड्यांनी बांधून क्रूस उभे केले. आणि वाचकहो, त्या ओळीकडे एकदा पाहा. ज्या येशूसंघाने ह्या वसईकरास आपल्यात घेतले नव्हते, त्या संघाचे पॉल मिकी, हुआन दे गोतो व दिएगो किसाई हे तिघे त्याच ओळीत त्याचे सोबती होते. मठाचे दार बंद राहिले. टेकडीवर दारच नव्हते.

पॉल मिकी ह्यांनी क्रूसावरून प्रवचन केले. आपण जपानी आहोत, केवळ ख्रिस्ताची शिकवण दिल्यामुळे मरत आहोत, असे सांगून त्यांनी राजास व मारेकऱ्यांस क्षमा केली आणि हिदेयोशीसह सर्व जपानी लोकांस ख्रिस्ताचा लाभ व्हावा अशी प्रार्थना केली. पौलाने तीमथ्यास जी गोष्ट सांगितली होती, ती येथे घडली: राजाकरिता प्रार्थना, आणि तीही ज्याने भाला पाठविला त्या राजाकरिता. हे सर्व जपानी भाषेत झाले. परदेशी बंधूंमध्ये त्याचा शब्द न् शब्द समजणारा असा कोणी असेल तर तो गोन्सालो होता. जन्मभर इतरांचे बोलणे उलगडून सांगणाऱ्या ह्या माणसास त्या घटकेस भाषांतर करावयाचे उरले नव्हते. मुलगे स्तोत्र गात होते, आणि मग दोन्ही बाजूंनी भाले आले. तेव्हा त्याचे वय सुमारे चाळीस वर्षांचे होते.

पुढील गोष्टी थोडक्यात सांगतो. हिदेयोशी १५९८ साली वारला. गोन्सालो व त्याचे सोबती १६२७ साली पोप आठवे अर्बन ह्यांनी धन्यवादित म्हणून जाहीर केले, आणि १८६२ च्या जून महिन्याच्या ८ तारखेस, पेंतेकोस्तच्या दिवशी, पोप नववे पायस ह्यांनी सव्वीसही जणांस संतपद दिले. भारतात जन्मलेला पहिला संत हा मान असा वसईस मिळाला. दुसरे नाव, केरळच्या संत अल्फोन्सा ह्यांचे, त्या यादीत येण्यास २००८ साल उजाडावे लागले. मध्यंतरी १७३९ साली वसईचा किल्ला मराठ्यांनी जिंकला आणि किल्ल्यातील देवळे ओस पडली, तरी गावोगावच्या ख्रिस्तीजनांनी आपली श्रद्धा टिकविली. १९९८ साली वसईचे स्वतंत्र धर्मप्रांत झाले. गास येथील देऊळ व वसईतील महाविद्यालय त्याच्याच नावाचे आहेत.

परंतु ह्या चरित्राचा सर्वांत मोठा भाग वसईत घडला नाही, आणि तो सांगितल्यावाचून आम्हांस लेखणी ठेवता येत नाही. त्या सव्वीस जणांच्या मृत्यूनंतर जपानात छळ वाढतच गेला. सतराव्या शतकात धर्मगुरू मारले गेले वा हाकलले गेले, आणि नंतर दोनशेहून अधिक वर्षे तेथील ख्रिस्तीजनांस ना मिस्सा मिळाली, ना पापनिवेदन. त्यांजवळ उरले ते दोनच: घरोघर गुप्तपणे दिला जाणारा बाप्तिस्मा, आणि हलक्या आवाजात म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थना. बाप लेकास, आजी नातीस शिकवी. ज्या देशात पॉल मिकी ह्यांनी आपल्या लोकांसाठी प्रार्थना केली, त्या देशाने अडीचशे वर्षे वरवर पाहता तिला काहीच उत्तर दिले नाही.

१८६४ साली नागासाकीत ओउरा येथे फ्रेंच धर्मगुरूंनी परदेशीयांकरिता एक देऊळ बांधले व ते नुकत्याच संतपदी चढलेल्या ह्या सव्वीस रक्तसाक्षींना वाहिले. १८६५ च्या मार्चच्या १७ तारखेस उराकामी गावचे काही शेतकरी स्त्री-पुरुष तेथे आले. फादर पेतिजाँ प्रार्थना करीत असता एक स्त्री त्यांच्याजवळ सरकली व आमचे आणि तुमचे अंतःकरण एकच आहे, अशा अर्थाचे काही हळूच बोलली. मग तिने पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे, हे विचारले. नंतर गावेच्या गावे पुढे आली. त्यांची परीक्षा मात्र संपली नव्हती. उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांस पकडून देशाच्या निरनिराळ्या भागांत हद्दपार करण्यात आले व त्यांतले कित्येक शेकडे तिकडेच वारले. १८७३ साली ख्रिस्ती धर्माविरुद्धचे मनाईचे फलक खाली उतरले, आणि जगले-वाचलेले लोक, निशिझाका टेकडीच्या उत्तरेस जवळच असलेल्या आपल्या त्या गावी, पायी परत आले.